आधी अंगठा पाह्य

देवीदासभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीला, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, संगणकांवर नवं सॉफ्टवेअर चढवत होते. अकोल्याहून त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबा गेले, वैशालीताई... सकाळी चहा पिता पिता." फोन ठेवला आणि हातातल्या फाइलची खूण जुळवूनच मी उठले. कोणाला हे विचित्र वाटेल, वाटू दे. अर्धवट सोडून उठले असते तर भाऊंनी वरूनच मला झापलं असतं. आज महिना होत आला, डोकं जरा ठिकाणावर आलंय, म्हणून लिहायला बसले.

अकोला आणि अमरावतीतल्या कितीतरी कॉलेजांचे, दवाखान्यांचे संगणक भाऊ सांभाळायचे. बसने येणार, बॅगेत जाडजूड लॅपटॉप आणि फुटाण्यांची पुडी. त्या लॅपटॉपात त्यांचा जीव. कारण त्यात होती ओळखीच्या फाइलींची यादी. कुठल्याही फाइलवर एक ठरावीक गणित चालवलं की अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक खूण निघते. फाइलचं नाव बदला, खूण तीच राहते. आतलं एक अक्षर बदला, सगळी खूण पालटते. शिकलेले लोक तिला हॅश म्हणतात, भाऊ अंगठा म्हणायचे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेले असे हजारो अंगठे त्यांनी वर्षानुवर्षं जमवले होते.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका दुकानातून पेनड्राइव्हवर सॉफ्टवेअर आणलं, सोबत त्याच पेनड्राइव्हवर त्याची खूण लिहिलेली फाइलही होती. दोन्ही जुळलं. मोठ्या तोऱ्यात भाऊंना सांगितलं. ते फुटाणे चघळत म्हणाले, "वा! म्हंजे चोरालेच इचारलं, बापू तू चोर आहे काय? अन् तो नाही म्हनला, तं तू खूश! बनवनाऱ्याच्या साइटवर जाय, तिथचा अंगठा पाह्य." सगळ्या प्रयोगशाळेसमोर! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण ती चूक पुन्हा केली नाही.

मग ती प्रवेशाच्या दिवसांतली भानगड झाली. ऑफिसमधले संगणक आपोआप कुठल्याशा परक्या ठिकाणी मुलांची माहिती पाठवायला लागले. आदल्याच दिवशी मी त्यांवर मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. झालं! माझंच नाव पुढे आलं. मी कंत्राटी, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. प्राचार्य म्हणाले, संध्याकाळपर्यंत छडा लागला नाही तर उद्यापासून येऊ नका.

भाऊ अकोल्याहून धावत आले. संगणकांतल्या सॉफ्टवेअरच्या एकूण एक फाइलीचा अंगठा काढला, यादीशी लावला. ओळखीच्या फाइली बाजूला पडत गेल्या, माझी टायपिंगची फाइलही त्यांतच गेली. शेवटी एक उरली. झिप फाइली उघडायच्या सॉफ्टवेअरची. नाव बरोबर, चित्र बरोबर, अंगठा मात्र भलताच. भाऊंनी खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून लावला... तीच फाइल, तीच खूण. मागच्या खेपेला इंटरनेट बंद होतं म्हणून त्यांनी ती एका ओळखीच्याकडून घाईत घेतली होती आणि न तपासता इथल्या संगणकांवर टाकली होती.

हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळत होतं. ते घटाघटा पाणी प्यायले आणि थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, हिची फाइल साफ आहे. घान मी आनली. मीच अंगठा पाह्यला नाही."

महिन्याभरात कॉलेजचं काम त्यांच्याकडून गेलं. माझी नोकरी राहिली. त्या दिवशी केबिनबाहेर मी त्यांच्यावर चिडलेच, "भाऊ, कावून सांगतलं? कोनाले समजलं असतं?" ते म्हणाले, "मंग काय तुह्यं नाव राहू देऊ?" आणि बस धरायला निघून गेले. माझ्या वडिलांचं औषधपाणी, माझं पुढचं शिक्षण, आजची माझी कायम नोकरी, सगळं त्या केबिनमधल्या तीन वाक्यांवर उभं आहे. मी आभार मानायला गेले नाही असं नाही, त्यांनीच मानू दिले नाहीत.

तेरवीला अकोल्याला गेले. वहिनींनी मला त्यांच्या खोलीत नेलं. "हे यंत्र मले समजत नाही. तूच पाह्य बाई." यादी उघडली. त्या फाइलीचा खोटा अंगठाही त्यांनी नोंदवून ठेवला होता, पुढच्यांना ओळखू यावा म्हणून. पुढे शेरा होता. मी मोठ्याने वाचला: "नाव बरोबर, अंगठा खोटा. मी आणली. आळ वैशालीवर आला होता."

वहिनी खाटेवर बसल्या. "कॉलेजचं काम सुटलं, एवढंच म्हनले होते. मी लय बोलली त्याईले तवा. हातचं काम सांभाळता येत नाही म्हनलं... चुपचाप आयकून घेतलं त्यायनं." इतक्या वर्षांत या घरी दहादा जेवले, एकदाही मी हे सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं, केबिनपासून बसपर्यंत.

त्यांनी पदराने डोळे पुसले, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.