उभ्या गाडीचे दिवे

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फेरीत विकत घेतलेली नाही. लग्नाआधी मामींनासुद्धा ते दोनदा बघून आले होते म्हणतात! म्हसावदला त्यांच्या घरी कोणी नवी चप्पल घालून गेलं, की मामा ती हातात घेणार, वाकवणार, हुंगणार आणि "फसना तू!" म्हणजे फसलास, असं जाहीर करून परत पायात घालायला देणार. टॉर्च घ्यायची तर दुकानदाराला ती पाण्याच्या बादलीत बुडवायला लावणार. वर ऐकवणार, "पाणी काय इचारीसन पडस का?" पण हे सगळं इतकं गोड बोलून, की दुकानदार आधी चहा मागवतो आणि मग स्वतःच बादली भरून आणतो.

त्यांच्या अंगणाला लागून, रस्त्याच्या वळणावर, जुनी बैलगाडी उभी असते. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी गाडी विकायचं नाव काढलं की मामा उसळतात. "ती काय खावाले मांगस का?" गेल्या दिवाळीनंतर तिन्हीसांजेला देवळातल्या भजनाहून परतताना मामी ह्याच गाडीच्या दांडीला अडखळून पडल्या. लागलं फारसं नाही, पण डोळ्यांनी आधीच दगा द्यायला सुरुवात केलेली, त्यात ही धास्ती बसली. मामींनी भजनाला जाणंच सोडलं. ज्या बाईचा आवाज देवळातून घरच्या ओट्यापर्यंत यायचा, ती संध्याकाळी भिंतीकडे बघत गप्प बसू लागली. दिवसभर मामींशी भांडल्याशिवाय ज्यांचं अन्न पचत नाही, त्या मामांना हे कसं सोसवणार? मी म्हटलं, गाडी हलवू या. मामा म्हणाले, "गाडी हलाडसूत. पन अंधार?" आणि त्यांनी गाडीलाच दिवे लावायचं ठरवलं.

आम्ही शहाद्याला गेलो. आता, आमच्याकडे विजेच्या वॅटला सगळेच 'वाट' म्हणतात. दुकानातल्या मारवाडी शेठनं विचारलं, "मामा, कितला वाटना पायजे?" मामा म्हणाले, "एकज वाटना. देऊळपाईन घरलगून." देवळापासून घरापर्यंतची एकच वाट! शेठनं कपाळाला हात लावला, पण हसला नाही, गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचं होतं. त्यानं ट्रॅक्टरला लावायची एलईडीची पट्टी काढली. धक्के सोसते, म्हणून महाग. मामा म्हणाले, "मन्ही गाडी उभी शे. तिले धक्का कोन देई? स्वस्ती दखाड, पन उजेड दनका पायजे!" मग नेहमीप्रमाणे बादली आली. तिसऱ्या फेरीत रबराचं आवरण असलेली, स्वस्त आणि डोळे दिपवणारी पांढरी पट्टी पसंत पडली. कपाशीवर फवारायच्या पंपाची बॅटरी घरात होतीच, तीच जोडली.

पहिल्या संध्याकाळी मामांनी बटण दाबलं आणि गल्ली अशी उजळली, की शेजारीपाजारी "लगीन कोनं शे?" विचारत गोळा झाले. मामा ऐटीत उभे. तेवढ्यात मामी दारात आल्या आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरून ओरडल्या, "बंद करा ते! माले काहीज दिसत नही!" त्या तशाच आत वळल्या. मी हसणार होतो, पण मामांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. हा माणूस कुणालाही ऐकवायचं सोडत नाही, पण त्या दिवशी त्यानं मुकाट्यानं वायर काढली.

दुसऱ्या दिवशी मामा एकटेच शहाद्याला गेले आणि दुपारपर्यंत पिवळ्या, मंद उजेडाची पट्टी घेऊन परतले. एका फेरीत! बादली नाही, हुज्जत नाही, काही नाही. शेठनं काळजीनं मला फोन केला, "मामाले बरं शे ना?" ती पट्टी मामांनी दांडीच्या खालच्या अंगाला बांधली, म्हणजे उजेड डोळ्यांत न जाता पायांपुढे पडेल.

आता मामी रोज भजनाला जातात. परवा मी म्हसावदला गेलो, तेव्हा दिवे लागलेले होते आणि मामा गाडीला टेकून उभे होते. मी डिवचलं, "मामा, एवढे दिवे लावले, आता तुम्ही कशाला उभे?" ते रस्त्याकडेच बघत म्हणाले, "दिवा वाट दखाडस, जवाई. पन येनारानी वाट दखाले माणूस लागस."

वळणापलीकडून मामींचा आवाज आला, तसे मामा पटकन खाली वाकून गाडीचं चाक तपासू लागले.