पाणकर रुखमाबाई

चामोर्शीकडच्या त्या गावात तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी जाईल हे दसरू ठरवायचा. तो गावाचा पाणकर. तो वारल्यावर काम त्याच्या बायकोकडे, रुखमाबाईकडे आलं. पाटाच्या शेवटच्या शेताला आधी पाणी, वरच्यांना नंतर, हीच दसरूची रीत तिनं चालवली. वरचे लोक कुरकुर करत नसत. बाई आपल्याला विसरणार नाही हा भरोसा होता.

एका कोरड्या साली तलावाला लागून शेत असलेल्या लोकेशनं पहाटेच पाट फोडून पाणी आपल्या बांधीत वळवलं. खालची शेतं वाळली. गावसभेत तोच उठून म्हणाला, की बाईनं तिच्या भावाला, मंगरूला, चोरून पाणी दिलं. रुखमाबाईला कुणी विचारलंसुद्धा नाही. काम लोकेशकडे गेलं. ती उठून घरी आली आणि तिनं मनात गाठ मारली.

लोकेशवर कुणाचा भरोसा नव्हता, म्हणून पुढच्या साली जो तो काठी घेऊन आपल्या बांधावर बसला. पाट दहा जागी फुटला, अर्धं पाणी नाल्यात गेलं. मंगरूचंही धान करपलं. तिनं एक शब्द टाकला असता तर लोक थांबले असते. ती बघत राहिली.

शेवटी काम परत घे म्हणत गाव तिच्या दारात आलं. तिनं दोन अटी घातल्या: लोकेशनं भरसभेत खरं सांगावं, आणि त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. मान खाली घालून लोकेशनं सांगितलं.

त्याच्या पुढच्या साली ऐन धान निसवताना, लोंब्या बाहेर पडताना, पाऊस गेला. तीन शेतं बाकी असताना लोकेशची बायको माधवी आली.

"बाई, आमची बांधी तलावाले लागूनच हाय. घंटाभर तरी सोडा. नवऱ्यानं केलं, लेकरायचा काय गुन्हा?"

"माह्या भावाचा काय होता?" रुखमाबाई म्हणाली. "पाळी आली का सोडीन."

पाळी आली तेव्हा तलावात चिखल उरला होता. लोकेश बांधावर उभा राहून वाळतं धान बघत होता. रुखमाबाई मुद्दाम तिकडून गेली, सावकाश. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

तेव्हापासून पाट कुणी फोडला नाही. आता लोकेशले माफ कर, असं मंगरूनं एकदा सांगून पाहिलं. तिनं ऐकलं नाही, तसं त्यानं तिच्या घरी येणं सोडलं. लोकेशची पाळी यंदाही शेवटचीच आहे.