खेकड्यांची राखण

लातुरातल्या आमच्या घरमालकांइतका भित्रा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. बारावीच्या क्लाससाठी मी लोह्याहून त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा भूकंप होऊन बरीच वर्षं उलटली होती. पण काकांच्या अंगातून तो गेला नव्हता. बंद पंखा हलला की काका अंगणात. ट्रक गेला की आम्ही भाड्यानं राहणारी पोरंसुद्धा पुस्तकांसकट अंगणात. कपाटावर काही ठेवायचं नाही, दाराला कडी लावायची नाही, आंघोळही दार लोटूनच! हसता हसता मीही दाराजवळच अंथरूण घालायला लागलो.

ते निवृत्त शास्त्राचे मास्तर. बाजारातून जिवंत खेकडे आणायचे, घमेल्यात सोडायचे आणि आम्हाला पाठ द्यायचा. "चरबी लई थोडी, पण हाय ती कामाची बघ. मेंदूला, काळजाला चांगली. बकऱ्याच्या चरबीवानी थिजत न्हाई." तोंडाला पाणी सुटायचं, पण खेकडे कधी शिजायचेच नाहीत. काकू मसाला वाटून बसायच्या आणि काका घमेल्यासमोर पाट टाकून.

कारण एकदा काकूंनीच हळूच सांगितलं. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या बहिणीनं गावाकडून खेकडे पाठवले होते. डब्यात ते नुसते धडपडत होते. झोप येईना म्हणून काकांनी झाकणावर वरवंटा ठेवला. पहाटे जमीन हादरली, आणि तिकडे बहिणीचं घर तिच्यावर पडलं. "त्यांना वाटतं, खेकडे सांगून राहिले होते, अन् आपण त्यांचं तोंड दाबलं." त्यानंतर घमेल्यात जरा खुडबुड झाली तरी मी पुस्तक मिटून दाराशी जाऊन उभा राहायचो.

माझ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र काकू वैतागल्या. "मेंदूला चांगलं म्हणता नं? मग घाला की लेकराला!" आणि रस्सा झाला. कवचातला पिवळा गर मी बोटांनी निपटून खाल्ला. काका जेवले नाहीत. रिकाम्या घमेल्याकडे बघत म्हणाले, "आता राखण कोण करील रं?"

पेपरात चरबीवरच प्रश्न आला, तरी माझं अर्धं लक्ष जमिनीकडे. कुणाचा बाक सरकला की मी दाराकडे बघायचो. सुटून बाहेर आलो, तर फाटकाजवळ लिंबाखाली काका अनवाणी बसलेले, दोन्ही तळहात मातीवर टेकवून. पेपर सुरू झाल्यापासून तसेच बसलेत, असं शिपाई म्हणाला. मला रडूच आलं. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलंच नाही. "न्हाई हलली," एवढंच म्हणाले आणि माती झटकून उठले.

काका आता नाहीत. माझ्या लेकीची परीक्षा असली की मी शाळेबाहेर चपला काढून बसतो. बायको हसते. हसू दे.