श्वासाच्या रकान्यात वीस

"तुमचं हृदय ठणठणीत आहे," मानसोपचाराच्या डॉक्टर म्हणाल्या. "हे डिप्रेशन आहे. मॉडरेट, म्हणजे मधल्या पायरीवरचं. छातीत धडधडतं ते पॅनिक अटॅक. म्हणजे जिवाला धोका नसतानाही शरीर घाबरून उठतं. औषधानं बरं होतं."

मला हसूच आलं. माझ्या पर्समध्ये तेव्हा माझ्याच प्रबंधाचा मसुदा होता. विषय: नर्सिंगच्या विद्यार्थिनींमधला ताण आणि मानसिक आरोग्य. ज्या आजाराची लक्षणं मी घडाघडा म्हणून दाखवत होते, तो माझ्याच घरात पथारी पसरून बसला होता आणि मला पत्ता नाही. डोंबलाचं संशोधन!

सुरतच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते आणि सोबत एम.एस्सी. करते. राहायला डिंडोलीत. बाबा खानदेशातून लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कामाला आले आणि आम्ही इथलेच झालो.

सुरुवात थकव्यानं झाली. झोपून उठलं तरी थकलेलीच. वेणी घालायला हात वर उचलायचा म्हटलं तरी जिवावर यायचं. आई विचारायची, "काय व्हयनं तुले, माय?" मी म्हणायचे, काही नाही गं, काम जास्त आहे. तिनं दोनदा मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी ओवाळू दिल्या, कारण नको म्हणायलाही ताकद लागते.

त्याच आठवड्यात मी वर्गात माझ्या प्रश्नावल्या वाटल्या. झोप लागते का, रडू येतं का, सकाळी उठावंसं वाटतं का. पुढे चार रकाने: कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, रोज. बारडोलीची कोमल, हॉस्टेलवर राहणारी, हात वर करून म्हणाली, "मॅडम, साचुं लखवानुं?" खरं लिहायचं का? सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि म्हणाले, "अगं, नाव कुठं लिहायचंय? लिही बिनधास्त."

गठ्ठा घरी आणून पाहिला तर सगळ्या पोरींच्या खुणा 'कधी कधी'च्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत.

ती रेष माझ्या ओळखीची होती. वॉर्डात प्रत्येक पेशंटचा टीपीआर घ्यावा लागतो, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी हाताला लागते. श्वास मात्र पूर्ण एक मिनिट छातीकडे बघून मोजावा लागतो, आणि तेवढा वेळ कोणाकडे असतो? म्हणून श्वासाच्या रकान्यात सगळ्या नॉर्मलमध्ये बसणारे वीस लिहून मोकळ्या होतात. मीही शिकताना लिहिले आहेत. पोरींनी माझी प्रश्नावलीही तशीच भरली होती. आणि भरतील नाहीतर काय? त्यांचे इंटर्नल मार्क ज्या बाईच्या हातात, तीच बाई समोर उभी राहून विचारतेय, बाळांनो, तुम्हाला त्रास होतो का?

चूक माझी होती. पण सगळं पुन्हा करायची ताकद नव्हती, म्हणून गठ्ठा कपाटात टाकला.

दोन दिवसांनी पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षात बसले होते. छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, श्वास पुरेना. वाटलं, संपलं. रिक्षावाल्यानंच दवाखान्यात पोहोचवलं, देव त्याचं भलं करो.

ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. नॉर्मल. टूडी इको, हृदयाची सोनोग्राफी. नॉर्मल. थायरॉइडही नॉर्मल. दर रिपोर्टला आई हात जोडायची आणि मी आणखी खचायचे. मला काहीच झालं नसेल तर मी अशी का?

निरीक्षणासाठी दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टीपीआर घ्यायला आली कोण, तर कोमल. तिची शिकाऊ ड्यूटी त्याच वॉर्डात लागली होती. विद्यार्थिनीसमोर गाऊन घालून पडून राहणं म्हणजे काय ते पडल्याशिवाय कळायचं नाही.

तिनं नाडी मोजली. मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवली. तिची नजर माझ्या छातीवर होती. मीच शिकवलं होतं, पेशंटला कळू न देता श्वास असे मोजायचे. पूर्ण मिनिट गेलं.

"अठ्ठावीस आव्या, मॅडम," ती हळूच म्हणाली. अठ्ठावीस म्हणजे जास्त. नुसतं पडून असताना तर फारच.

मी काय म्हणाले असेन? "वीस लिही." मला घरी जायचं होतं. डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवतील, कॉलेजात कळेल, नोकरीवर गदा येईल, हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं.

तिनं अठ्ठावीस लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

त्या आकड्यामुळे राऊंडचे डॉक्टर थांबले, स्टूल ओढून बसले आणि पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, "झोप कशी आहे?" मग मला मानसोपचार विभागात पाठवलं. तिथं हातात फॉर्म दिला. झोप, रडू, सकाळ, तेच चार रकाने. किती गुणांना काय म्हणतात ते मला तोंडपाठ. पेन आपोआप 'कधी कधी'कडे गेलं. तेवढ्यात कोमलचा तो प्रश्न आठवला आणि मी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. मग खरं लिहिलं.

गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळतं, गुंगी येते, तेव्हा सोडू नका. मी प्रिन्सिपलना स्वतःच सांगितलं. स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, अजून होते. थकवा पूर्ण गेलेला नाही. पण वेणी घालते.

प्रश्नावल्या पुन्हा वाटल्या. या वेळी मी वर्गात गेलेच नाही. हॉस्टेलच्या जिन्याखाली कुलूपबंद डबा ठेवला. कोऱ्या प्रती शेजारी, आणि वर पाटी: नाव लिहू नये.

आठ दिवसांनी डबा उघडला. या वेळी खुणा सरळ रेषेत नव्हत्या. एका कागदावर 'सकाळी उठावंसं वाटत नाही' यापुढे 'रोज'वर खूण होती. रडू, तेही रोज. आणि खाली, पाटी वाचूनसुद्धा, स्वच्छ अक्षरात नाव लिहिलं होतं. कोमल. पुढे खोली नंबर.

बाकीचे कागद तसेच टाकून मी जिना चढले. ती खाटेवर बसली होती. मी शेजारी बसून तिचं मनगट हातात घेतलं आणि तिचे श्वास मोजायला लागले, पूर्ण एक मिनिट.