पातेल्याची सीट

अंबरनाथच्या अलीकडची वीटभट्टी मागे पडली तेव्हा अस्मिताच्या डाव्या टाचेला फोड आला होता. बनूबाई दहा पावलं पुढे होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गोणपाटाची पिशवी, पिशवीत हातोडी आणि चार छिन्न्या, पायात टायरच्या चपला. पिशवीला हातही न लावता ती मागे वळून बघायची, थांबायची आणि अस्मिता जवळ आली की काही न बोलता पुन्हा निघायची.

परीक्षा खरं तर बनूबाईची होती.

बनूबाई पाट्याला टाकी लावणारी. रोज अंबरनाथ पश्चिमेच्या नाल्याकाठच्या वस्तीतून सकाळी निघायचं, चालत बदलापूरच्या बेलवलीत यायचं, बिल्डिंगीखाली उभं राहून हाळी द्यायची, आणि उन्हं कलायच्या आत चालतच परत. वाटून वाटून गुळगुळीत झालेला पाटा ती छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून द्यायची. आईकडून शिकलेली, सासूच्या हाताखाली पक्की झालेली. मिक्सर आले तशा हाळीला ओ देणाऱ्या बायका कमी झाल्या. दोन हजार सहा साली अख्ख्या बेलवलीत तिची पाच-सहाच घरं उरली होती, त्यातलं एक अस्मिताचं. मिक्सर अस्मिताकडेही होता, पण लसणाची चटणी पाट्यावरचीच लागायची.

जानेवारीत बनूबाई अस्मिताच्या मागच्या गॅलरीत पाटा घेऊन बसली होती. आधी तिनं नेहमीसारखा पाट्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, ओठ हलवले. कुणाच्याही दगडाला हत्यार लावण्याआधी ती हे करायचीच. अस्मितानं एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, हा दगड आधी ज्यानं घडवला त्याला विचारते, बाबा, तुझ्या कामावर हात टाकते, रागवू नको. सकाळी मेणबत्ती लावून त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय अस्मिताही घराबाहेर पडत नसे. तिला ते पटलं होतं.

त्या दिवशी जवळच एका फोटोची झेरॉक्स पडली होती. मुरबाडच्या पलीकडे एका माळावर उभे दगड आहेत, माणसाहून उंच, अंगावर वाटीएवढे खळगे. सोसायटीच्या महिला मंडळाची एक दिवसाची सहल तिथं न्यायची ठरत होती. मंडळाचं सगळं लिखाण अस्मिताकडे, म्हणून वाचनालयातल्या मासिकाच्या जुन्या अंकातून तिनंच तो फोटो काढून आणला होता. बनूबाईनं विचारलं, हे कुणी केलं. अस्मिता म्हणाली की नक्की कुणालाच ठाऊक नाही, पण तेव्हा लोखंड नव्हतं असं म्हणतात.

बनूबाईनं छिन्नी खाली ठेवली. लोखंड नाही आणि एवढा गोल खळगा? तिनं कागदावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"फोटोत बोट घालता येत नाही, ताई," ती म्हणाली. "खऱ्या खळग्यात घातलं की मला कळतं. ठोका कुठून पडला, माणूस डावखोरा होता का, घाईत होता का सवडीनं करत होता. मला तिथं ने. वर्गणी सगळ्यांएवढीच देईन."

अस्मितानं ही गोष्ट मंडळाच्या अध्यक्ष मीनल वहिनींच्या कानावर घातली. मीनल वहिनी वाईट बाई नव्हे. कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिला डबा तिच्याकडून जायचा. पण तिचं म्हणणं, रस्ता संपला की तासभर माळ तुडवायचा आहे, म्हातारी मध्येच बसली तर कोण उचलणार? शिवाय मंडळात नसलेली बाई नेली की उद्या प्रत्येकजण आपली कामवाली आणील. शेवटी अस्मितानंच तोडगा काढला. एक दिवस मी तिच्याबरोबर चालून बघते, जमलं तर नाव घालू. मीनल वहिनी हो म्हणाली. पण आज दुपारी, अस्मिता चपला घालत असतानाच, तिचा फोन आला. चालायचं राहू दे, गाडी भरली म्हणून सांग आणि विषय मिटव. नाहीतर एक काम होऊ शकतं...

ते एक काम काय, हे अस्मितानं निघाल्यापासून बनूबाईला सांगितलं नव्हतं. गाडी भरली एवढं दोन शब्दांत सांगून मोकळं होता आलं असतं. पण खोटं बोलणार नाही, असं सकाळी पंचशीलात स्वतःच्याच तोंडानं म्हणून झालं होतं, तेही नेहमीसारखं मोठ्यानं.

पुढे एक मोरी लागली. अस्मिता कठड्यावर बसली आणि तिनं चप्पल काढली. बनूबाईनं पिशवी उतरवली, टाच बघितली आणि रस्त्याकडेच्या एरंडाचं पान तोडून आणलं.

"मीनल वहिनीला सांग," ती म्हणाली, "म्हातारी चालली, पण परीक्षा घेणारी बसली."

अस्मिताला हसू आलं आणि हसता हसताच तिनं सगळं सांगून टाकलं. गाडीत सतरा सीटा. बायका सोळा. सतरावी सीट पुलावाच्या पातेल्याला, कारण मागच्या सहलीत पातेलं खाली ठेवलं होतं आणि घाटात अर्धं सांडलं होतं. बनूबाईला यायचं असेल तर तिनं पातेल्यापाशी खाली बसावं, आणि रस्ता संपला की ते डोक्यावर घेऊन माळावर पोचवावं. वर्गणी माफ.

बनूबाई पान टाचेवर बांधत होती. तिनं गाठ मारली.

"म्हणजे पातेल्याला सीट हाय."

"हो."

"आणि मी पातेल्याची हमाल."

अस्मितानं चप्पल पायात सरकवली.

"बघ ताई, पंचवीस वर्षं मी डोक्यावर दगड वाहिले. उल्हासनगरात कॅम्प एकला किती घरांच्या पायात माझी खडी हाय, तिथल्या शेठलोकांना सुद्धा ठाऊक नाही. ओझ्याची मला लाज नाही. पण त्या दगडापुढं मी ओझं घेऊन जाणार नाही. तो ज्यानं घडवला तो माझ्या कामाचा माणूस. त्याच्यापुढं डोकं रिकामं घेऊन जायचं. पुलाव पोचवायचा असेल तर पुलाव खाणारीनं पोचवावा."

आवाज जराही चढला नव्हता. पाट्यावर ठोके पडतात तसे शब्द पडले, सारख्या अंतरानं.

मग तिनंच विचारलं, पुलाव कशाला लागतो? तिची माणसं कामावर जातात तेव्हा प्रत्येकाची भाकरी प्रत्येकाच्या फडक्यात असते. कुणाचं काही सांडत नाही.

अस्मिताच्या डोक्यात तोवर सीटा, घाट, वर्गणी असा गुंता होता. तो या एका फडक्यात सुटला. तिनं पर्समधून मोबाईल काढला. कठड्यावर बसूनच मीनल वहिनीला फोन लावला आणि सांगितलं की बनूबाई बेलवलीहून इथवर एकदाही बसली नाही, बसले ती मी. पातेलं रद्द करूया. प्रत्येकीनं आपली भाकरी आणावी. सतराव्या सीटवर बनूबाई.

मग मीनल वहिनी म्हणाली की अगं, सगळ्याजणींना पुलाव सांगून झालाय.

"मग मी परत सांगेन. घरोघर जाऊन सांगेन."

"आणि कुणी नाही म्हटलं तर?"

"तर माझ्या सीटवर पातेलं ठेवा, वहिनी. दगडांच्या माहितीचा कागदही तेच वाचून दाखवील."

असं काही आपल्या तोंडून निघेल हे अस्मिताला निघेपर्यंत माहीत नव्हतं. मंडळात आल्यापासून सात वर्षांत तिनं मीनल वहिनीला कधी उलटं उत्तर दिलं नव्हतं. पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. बरं बाई, असं म्हणून मीनल वहिनीनं आवाज खाली आणला. सध्या शिसपेनीनं लिहून ठेव. संध्याकाळी मीटिंगमध्ये बघू, काही बदल झाला तर खोडता येईल. आणि फोन ठेवला.

मोबाईल जुना, त्याचा आवाज खणखणीत. शेजारी उभ्या असलेल्या बनूबाईला शब्द न् शब्द ऐकू गेला होता.

अस्मितानं यादीची वही मांडीवर उघडली. सोळा नावं होती, सगळी पेनानं लिहिलेली. सतराव्या आकड्यापुढे 'पातेलं' होतं, तेही पेनानंच. "हे पातेलं गेलं," म्हणत ते खोडून तिनं पर्स धुंडाळली आणि शिसपेन बाहेर काढली. बनूबाईला वाचता येत नव्हतं, पण पेन कुठलं आणि शिसपेन कुठली हे दिसत होतं. तिनं आपलं खरबरीत बोट वहीवर ठेवलं, खोडलेल्या ओळीच्या खाली, कोऱ्या जागेवर.

"त्या पातेल्याच्या अंगावर नको, ताई. इथं खाली, नव्या ओळीला लिही," ती म्हणाली. "बनूबाई, टाकीवाली. पेनानं लिही. आणि दाबून लिही, मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागलं पाहिजे."