लाभ, दोन, तीन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. हायस्कुलात सायन्स शिकवणारा माणूस मी, असल्या गोष्टींना माझ्याकडे थारा नव्हता. पण किहीमच्या टेकडीवर, भर दुपारी, जे झालं त्याला काय म्हणायचं... तुम्हीच सांगा.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. दिवाळीच्या सुटीत बोटीने रेवसला उतरून मी गावी जायचो. शिकारी पक्षी मोजण्याचं मला खूळ होतं. पावसाळा सरला की उत्तरेकडून ससाणे, गरुड येतात आणि आमच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला जातात. थोरला म्हणजे मी, मुंबईला जाऊन बिघडलो, असं आई म्हणे. धाकटा विष्णू मात्र शेतीची कामं टाकून हौसेने सोबत यायचा. त्याच्या बायकोला तेव्हा दिवस गेले होते.

टेकडीवर आम्ही पाठीला पाठ टेकून बसायचो. डोंगराकडचं आभाळ त्याचं, समुद्राकडचं माझं. म्हणजे एकच पक्षी दोघांकडून मोजला जात नाही. थवा आला की मोठ्याने मोजायचं. मी ‘एक’ म्हणून सुरू करी. विष्णू खळ्यावर भात मापावं तसा म्हणे, “लाभ, दोन, तीन...”

“अरे, ससाणे म्हणजे काय भात आहे?”

“नसू दे. पयल्याला येक न्हाय म्हनायचं, दादा. मानूस येकटा ऱ्हातो.”

मी पोट धरून हसलो.

त्या दुपारी थव्यामागून थवे येत होते. माझी नजर दुर्बिणीतून वर खिळलेली. मागे विष्णूची पाठ माझ्या पाठीला टेकलेली, श्वासाबरोबर हलणारी. नवा थवा दिसला आणि मागून आवाज आला —

“एक.”

आवाज विष्णूचाच. सुधारला गडी, म्हटलं! “काय रे, लाभ संपला वाटतं?”

जरा वेळाने पुन्हा, “एक.” मग पुन्हा, “एक.” दोन काही येईना. आणि ती पाठ... थंडगार लागत होती, एवढ्या उन्हात. मी घाबरलो. सरळ सांगतो, वळून बघायचा धीर झाला नाही. डोळे मिटून जीव खाऊन ओरडलो, “विष्णूऽऽ!”

“ओ” आली ती खालून, उतारावरून.

वळलो. मागे कोणी नव्हतं, नुसता तापलेला कातळ. खाली पडक्या विहिरीच्या अगदी काठावर विष्णू उभा. धडपडत उतरलो आणि त्याला दंडाला धरून मागे ओढला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

“दादा, तू वर कसा? तू तर हिरीत हायस...”

“मी?”

“मगाधरनं हाका मारतोस. हात दे म्हनलास. मी वाकलोच व्हतो, तवर वरनं हाक आली. हिरीतला म्हनला, तिकडं बघू नको.”

आम्ही पळत घर गाठलं. दुर्बीण वरच राहिली, ती आणायला कोणी गेलं नाही.

ऊन लागलं म्हणावं, तर दोघांना एकाच वेळी, दोन वेगळ्या जागी? पुष्कळ डोकं चालवलं. खुलासा आजही माझ्याकडे नाही. पाठ भिंतीला टेकल्याशिवाय मात्र मी कुठेच बसत नाही.

विष्णूचा मुलगा यंदा शाळेत जाऊ लागला. अंक मीच शिकवले त्याला. पहिल्याच दिवशी पोरगं मास्तरांपुढे उभं राहून म्हणालं, “लाभ, दोन, तीन.” छड्या खाऊन रडत घरी आलं. मी त्याला जवळ घेतलं, पण चुकलास असं काही म्हणालो नाही.