वळणावरची आफ्रिकीण

चंद्राबाईला ‘तुला जमायचं नाही’ असं कुणी म्हणू नये. म्हटलं की ती ते करणार. आष्ट्यापलीकडच्या पाटमळ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण सांगणारे सुधारत नाहीत आणि तीही सुधारत नाही. नवरा पलटणीत हवालदार, वर्षातनं सुट्टीपुरता घरी. बाकी सगळं रान हिच्या अंगावर. बाईमाणसानं ट्रॅक्टरवर बसायचं नसतं असं कुणीसं बोललं, तर पुढच्या बाजाराला ही ट्रॅक्टर चालवत आष्ट्यात हजर. उतरताना पायरीला अडकून लुगड्याचा काठ टरकला. तिनं फाटक्या काठानं सगळा बाजार केला, शेवटी हिरव्या मिरच्यांचा भाव पाडून घेतला आणि आली तशी परत गेली.

हवालदार पेन्शनीत आला, चार वर्षं घरचं सुखाचं खाल्लं आणि एका सकाळी चहा पिता पिता गेला. फलटणला दिलेली लेक शिवांजली म्हणाली, आई, आता एकटी राहू नकोस, इकडं ये. धाकटा दीर नाथाजी म्हणाला, वैनी, आता रान मला वाट्यानं द्या आणि निवांत बसा. चंद्राबाईनं दोघांचं ऐकून घेतलं, दोघांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या खोडव्याला पाणी द्यायला गेली. निवांत बसणं हा प्रकार तिच्या अंगाला लागतच नाही.

तर अशा बाईच्या हाती ती आफ्रिकीण लागली.

आष्टा–सांगली रस्त्याला बशीरभाईंची नर्सरी आहे. नारळ, आंबा, चिकू, शेवगा असला सगळा कामाचा माल. चंद्राबाई तिथं बांधावर लावायला शेवग्याची रोपं आणायला गेली होती. कोपऱ्यात कचऱ्याच्या ढिगाजवळ लाकडाच्या सालीला बांधलेलं एक वीतभरसुद्धा नसलेलं झाड पडलं होतं. पानं जाडसर, टोकाला रुंद, आणि खाली राखाडी दोऱ्यांसारखी लोंबणारी मुळं. तिनं विचारलं, हे काय. बशीरभाई म्हणाले, आफ्रिकेतलं आर्किड हाय, पुण्याच्या मालाबरोबर चुकून आलं, इथं कोण घेतंय, आणि घेतलं तरी आपल्या उन्हाळ्यात जगायचं न्हाई. तुमाला तर अजिबात जमायचं न्हाई अक्का, तुमी ऊसवाली माणसं.

झालं. बोलू नये ते माणूस बोलून बसला.

घरी आणल्यावर चंद्राबाईनं त्याचं जे केलं ते ऊस करणारं कुठलंही माणूस करील. सालीवरनं सोडवलं, चांगल्या मोठ्या कुंडीत मळ्याची काळी माती भरली, त्यात शेणखत, वर चिमूटभर युरिया, आणि बोअरचं पाणी अगदी तुडुंब. आमच्या ह्या भागात प्रेम म्हणजे पाणी. पाहुणा आला, पाणी. म्हैस व्याली, पाणी. उसाला तर लाईट आली की मोटर चालूच, मग त्याला तहान असो नसो. त्यापायी निम्म्या शिवारात पांढरे क्षार फुटले, रानं मिठासारखी झाली, तरी हात थांबत नाही. कुंडीतल्या त्या जिवाचंही तेच झालं. मुळं कुजून काळी पडली, पानं पिवळी होऊन एकेक गळाली आणि महिनाभरात दोनच पानं उरली. नाथाजीनं येताजाता बघितलं आणि हसला.

दुसरी बाई असती तर टाकून दिलं असतं. चंद्राबाई कुंडी पदराखाली घेऊन एसटीनं बशीरभाईंच्या दारात. त्यांनी झाड बघितलं, कपाळाला हात लावला आणि मग जवळजवळ तास खर्ची घालून तिला सगळं समजावलं. म्हणाले, “अक्का, ह्यो ऊस न्हवं. ह्याला मातीच नगं. ह्याची मुळं वारा खाऊन जगत्यात. पाजायचं न्हाई, नुसतं भिजवायचं, ते बी सकाळी. दिवस मावळायच्या आत मुळं सुकली पायजेत.” बोअरचं पाणी बंद, पावसाचंच धरून ठेवायचं. खत अगदी नावाला, पाण्यात विरघळून. ऊन गाळलेलं, पानांच्या आडनं येणारं. आणि एखाद्या खरबरीत सालीच्या झाडाला बांधायचं, मग ते आपलं आपण धरतं.

हे सगळं चंद्राबाईच्या आजवरच्या जिण्याच्या उलटं होतं. तरी तिनं केलं. पन्हाळीखाली पिंप ठेवून पाऊस साठवला, त्यावर जुन्या धोतराचं फडकं बांधलं. घराच्या अंगणात पत्र्याची झळ लागते म्हणून रानाकडेच्या गाडीवाटेच्या वळणावरचा जुना आंबा निवडला. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी ते दोन पानांचं झाड आंब्याच्या बुंध्याला, सावलीच्या अंगाला बांधलं. उन्हाळ्यात पश्चिमेकडनं गोणपाट टांगलं आणि ते भिजवत राहिली. रोज सकाळी तांब्यानं मुळांवर पाणी शिंपडायचं. राखाडी मुळं पाणी लागताच हिरवी व्हायची, आणि तेवढं बघायला ती खाली वाकून उभी राहायची. गुडघे दुखायचे, पण राहायची.

लोक काय बोलायचे ते सांगायलाच नको. बायकांनी झाडाचं नाव ‘आफ्रिकीण’ ठेवलं, आणि चंद्राबाईनं ते उचललं. ‘आफ्रिकिणीला न्हाऊ घालून येते’ असं तीच म्हणायला लागली, मग चिडवण्यात मजा राहिली नाही. हे खायचं की विकायचं, असं मात्र सगळे विचारायचे. ह्या प्रश्नाची तिला खरी चीड होती. जन्मभर तिनं जे लावलं ते वजनकाट्यावर गेलं. ऊस काट्यावर, सोयाबीन काट्यावर, डेअरीत दूध मापावर. हवालदार सुट्टीवर यायचा तेव्हा तोही आधी विचारायचा, यंदा टन किती पडलं, आणि मग विचारायचा, तू कशी हायस. नवरा वाईट नव्हता, सवय तशी. आता एक वीतभर झाड तिनं असं लावलं होतं की ज्याचं कुणाला काही देणं नव्हतं. तेवढं एक तिला हवं होतं, आणि ते का हवं होतं हे ती कुणाला समजावत बसणार नव्हती.

चौथ्या पावसाळ्यानंतर, घटस्थापनेच्या सुमाराला, पानाच्या बगलेतनं हिरवा दांडा निघाला. मुळाचं टोक गोल असतं, हे चपटं आणि गाठीगाठींचं होतं. चंद्राबाईनं बशीरभाईंना फोन लावला. ते मोटारसायकलवर स्वतः आले, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, कळ्या हायत, अक्का. आता काय बी झालं तरी हलवू नका. चंद्राबाईनं त्यांना शेंगांची भाजी आणि भाकरी खाऊ घातली. त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की नाथाजीच्या बायकोलाही बोलावून घेतलं.

आणि नेमका त्याच हंगामात आंबा आडवा आला.

पाटमळ्याची गाडीवाट चंद्राबाईच्या रानाच्या कडेनं आत जाते. आत नाथाजीचा आणि भावकीतल्या चार घरांचा ऊस. पूर्वी बैलगाड्या होत्या, मग एक ट्रॉली, तेव्हा वळण पुरायचं. आता ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या जोडून येतात, आणि गेल्या साली मागची ट्रॉली आंब्याला घासून ओढ्यात कलंडली होती. यंदा ड्रायव्हर सूरजनं स्पष्ट सांगितलं, वळण मोकळं नसंल तर मी आत यायचा न्हाई. ऊसतोडीची टोळी उतरलेली, तोड आलेली. तोडलेला ऊस रानात पडून वाळला तर वर्षाची मेहनत पाचोळा. आंबा सामाईक बांधावरचा, त्यामुळे चंद्राबाईचा एकटीचा त्यावर हक्क नव्हता. भावकी देवळापुढं बसली आणि ठरलं, आंबा काढायचा.

नाथाजी सांगायला आला तेव्हा तो काही गुर्मीत नव्हता. झाड सालीसकट सोडवून तुमच्या दारात आणून देतो म्हणाला. चंद्राबाईनं सांगितलं, मुळांनी साल धरलीय, ओढली की तुटतील, कळ्या तर गळतीलच. दारात झळ आहे, तिथं ती जगणार नाही. आंबा म्हणजेच तिचं घर. नाथाजीनं ऐकलं आणि मग मात्र त्याचा तोल गेला.

“वैनी, टिचभर आफ्रिकिणीपायी पाच घरांचा ऊस वाळवायचा व्हय? सांगा की.”

नाथाजीचं चुकत नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. चुकीच्या माणसाशी भांडायला चंद्राबाईला काही लागत नाही, पण पाच घरांची चूल ओढ्यात घालायची तिची छाती नव्हती. तो गेल्यावर ती उंबऱ्यावर बसली. सकाळी आंबा कापायला कटरवाला येणार होता. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. हवालदाराच्या फोटोकडं बघून ती चांगलं मोठ्यानं म्हणाली, आता ह्याचं बी टन विचारा.

सकाळी नाथाजी, भावकीतले चौघं आणि मशीन घेतलेला कटरवाला वळणावर पोचले, तर आंब्याखाली कुणीच नव्हतं. वळणाच्या आतल्या अंगाला, चंद्राबाईच्या स्वतःच्या उसात, कोयत्याचा आवाज येत होता. ऊस कंबरेच्या वर आलेला, कोवळा. अजून कांड्याला गोडी धरली नव्हती. असला ऊस कुठलाही कारखाना घेत नाही, तो जनावरापुढंच टाकायचा. चंद्राबाई पदर खोचून, डोक्याला फडकं बांधून, एकेक बेट बुडातनं छाटत होती. कोपरा बराचसा मोकळा झाला होता. आमच्याकडं उभ्या उसावर कोयता चालवणं म्हणजे काय, हे ऊस न लावलेल्याला कळायचं नाही. भावकीतला एकजण नकळत “आरं देवा” म्हणाला.

नाथाजीनं तिचा हात धरला नाही, पण कोयत्यासमोर उभा राहिला. हे काय चालवलंय म्हणून विचारलं.

“वळण पायजे ना? घ्या. माझ्या रानातनं घ्या.”

“वैनी, डोकं ठिकाणावर हाय का? एकदा गाडीवाट पडली की मोडत न्हाई. ह्यो कोपरा परत तुमाला मिळायचा न्हाई. तुमच्या पाठीमागं बी न्हाई.”

“मला ठावं हाय, भावजी. तुमच्या थोरल्या भावानं फौजेत असताना ह्या कोपऱ्याचं दगड येचलं न्हाईत. मी येचल्यात. सरा बाजूला.”

नाथाजी सरला नाही. त्यानं मोकळ्या झालेल्या कोपऱ्याकडं बघितलं, तिच्या हातातल्या कोयत्याकडं बघितलं. मग तो वळला, कटरवाल्याला म्हणाला, मशीन गाडीत ठेव. आणि भावकीतल्या चौघांना म्हणाला, बघत काय बसलाय, वैनी एकटी किती तोडंल, कोयतं आणा. चंद्राबाईनं कुणाचे आभार मानले नाहीत. पण पुढची सरी तिनं नाथाजीला सोडली.

दुपारपर्यंत कोपरा साफ झाला. सरी-वरंबे मोडून नांगराचा फाळ फिरवला, ओढ्यातला मुरूम आणून अंथरला. कोवळा ऊस पाची घरांच्या गोठ्यांत वाटला, आणि म्हशींनी तो अधाशासारखा खाल्ला. सांजच्याला सूरज पहिला भरलेला फेरा घेऊन आला. चंद्राबाई आंब्याला पाठ लावून, हात कमरेवर ठेवून उभी. सूरजनं तिच्याकडं बघितलं, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली आणि नव्या वळणानं सावकाश नेली. मागच्या ट्रॉलीतली उसाची टोकं गोणपाटाला हलकीशी लागली. बाकी काही झालं नाही.

दिवाळी गेल्यावर कळ्या उमलल्या. एका दांड्यावर ओळीनं पांढरी, टोकदार पाकळ्यांची फुलं, आणि प्रत्येकामागं एक लांब बारीक शेपूट. दिवसा वास नाही. दिवस कलला की असा सुटायचा की ट्रॅक्टरवरची पोरं गाडी बंद करून विचारायची, हे काय हाय.

एका संध्याकाळी नाथाजी आपल्या रानातनं परतताना वळणावर थांबला. चंद्राबाई तिथंच बांधावर बसली होती. त्यानं चपला काढल्या, का कोण जाणे, आणि जवळ जाऊन वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला. मग पायाखालच्या नव्या वाटेकडं, जिथं आता चाकोऱ्या पक्क्या झाल्या होत्या, तिकडं बघत राहिला.

“वास लय ग्वाड हाय, वैनी,” तो म्हणाला. “पर कोपरा गेला तुमचा.”

“गेला न्हाई,” चंद्राबाई म्हणाली. “दिला.”

नाथाजीनं मान हलवली. त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, म्हणता येईना. मग आंब्याच्या बुडाला ठेवलेली पावसाच्या पाण्याची बादली त्याच्या नजरेस पडली आणि त्याला बरं वाटलं, कारण पाणी देणं त्याला येत होतं. त्यानं तांब्या बुडवून भरला आणि मुळांवर ओतायला हात उचलला.

“ठेवा तो तांब्या खाली,” चंद्राबाई उठत म्हणाली. “सांजचं पाणी चालत न्हाई तिला. एवढी आवड असंल तर सकाळी या.”

सकाळी तो आला.